चांदणी लावलेला रकाना

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या ऑफिसात मी नोकरीला लागले, तेव्हा सेठनी माझी ओरिजिनल कागदपत्रं मागून घेतली. दहावी-बारावीची मार्कशीटं आणि वेब डिझायनिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट. दोन वर्षं काम करायचं, मग परत न्यायचं, असं ते म्हणाले. माझ्यासमोरच त्यांनी ती एका पिवळ्या पाकिटात घातली, वर माझं नाव लिहिलं आणि लोखंडी कपाटात ठेवून चावी खिशात टाकली. मी कागदावर सही केली. कोर्समधल्या मुलींनी मला आधीच सांगितलं होतं की सगळीकडे असंच करतात. शिवाय अंबरनाथला, आमच्या बुवापाड्याच्या चाळीत, काँप्युटरवरची नोकरी मिळालेली मी पहिलीच. पाकिटाबद्दल मी घरी काही बोलले नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. ऑफिस म्हणजे जीन्सच्या दुकानावरची एक खोली. खालून दिवसभर शिलाई मशिनींचा आवाज येई, आणि जिन्यात चिंध्यांची गाठोडी पडलेली असत. वर तीन काँप्युटर, सेठचं टेबल, भिंतीवर झुलेलालचा फोटो. सेठ सिंधी होते, साठीच्या आसपासचे, मला बेटा म्हणायचे. आधी त्यांचा लग्नपत्रिका छापायचा धंदा होता. आता सगळ्यांना वेबसाइट हवी म्हणून त्यांनी वेबसाइट घेतली, जसं कुणी नवं छपाईयंत्र घेतं तसं.

त्यांनी घेतलेली वस्तू म्हणजे एक परदेशी ऑनलाइन टूल. इंटरनेटवर लॉगिन करायचं, बारा साच्यांतला एक निवडायचा, आणि चौकोन भरत जायचे. वर दुकानाचं नाव, डावीकडे बटणं, मध्ये मजकूर, खाली पत्ता. प्रत्येक साच्याच्या माथ्यावर फोटो आधीच बसवलेले होते. सूट घातलेले गोरे लोक हात मिळवताहेत, नाहीतर एक बाई कानाला हेडफोन लावून हसते आहे. फर्निचरवाल्याला तीच बाई, लोणचं-पापडवाल्याला तीच, शहाडच्या दातांच्या डॉक्टरलाही तीच. ग्राहकांना ते आवडायचं. फॉरेनसारखं वाटतं, असं म्हणायचे.

मला मात्र पहिल्या महिन्यातच गुदमरायला लागलं. कोर्सला आम्हाला एका हुशार सरांनी हाताने पानं लिहायला शिकवलं होतं. साध्या मजकुराच्या खिडकीत एकेक ओळ कोड लिहायचा, सेव्ह करायचं, आणि दुसऱ्या खिडकीत पान उघडलं की आपण लिहिलेलं उभं राहिलेलं दिसायचं. एका ठिपक्याएवढं, न दिसणारं चित्र दोन शब्दांमध्ये ठेवून हवं तेवढं अंतर पाडता यायचं. पान लिहिताना मोकळी जागासुद्धा मुद्दाम करावी लागते, आपोआप येत नाही, हे मी तेव्हा शिकले होते. त्या टूलमध्ये मोकळी जागा करताच यायची नाही. चौकोन रिकामा ठेवला तर ते स्वतःहून तिथे जाहिरात टाकायचं. मराठी अक्षरं टाइप केली की त्यांचे चौकट-चौकट डबे व्हायचे, म्हणून मराठी मथळे मी चित्रं करून चिकटवायची. एकदा मी शिंप्याच्या एका दुकानासाठी अख्खं पान हाताने लिहून सेठना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, चांगलं आहे म्हणाले, आणि विचारलं, किती वेळ लागला. चार दिवस, मी म्हटलं. टूलवर चार तासांत होतं, ते म्हणाले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. ते पान तिथेच राहिलं.

दीडेक वर्ष असं गेल्यावर एक दिवस बदलापूरच्या बाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि घरच्या हॉलमध्ये वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. इतकी वर्षं त्यांचं सगळं काम वह्या आणि फोटोंच्या पाकिटांवर चाललं होतं. आता मुलं मुंबईत, पुण्यात, बाहेरदेशी, तेव्हा घरबसल्या नाव नोंदवता यायला हवं, असं त्यांच्या मनात आलं होतं. बोलायला गोड होत्या. मला अगं-तुगं करायच्या, येताना घरचे चिरोटे आणायच्या. हे काम मला मनापासून आवडलं, कारण यात फॉर्म होता. साच्यातला मजकूर कुणी वाचत नाही, पण फॉर्म माणूस स्वतःच्या हाताने भरतो. एकेका प्रश्नाशी थांबतो. मी कागदावर रकाने काढले, काय आधी विचारायचं, काय नंतर, याचा दोन दिवस विचार केला. नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, गाव. टूलमध्ये प्रत्येक रकान्यापुढे एक छोटा चौकोन होता. त्यात टिचकी मारली की रकाना सक्तीचा व्हायचा, आणि त्याच्यापुढे आपोआप लाल चांदणी यायची.

बाईंनी मला एक यादी दिली. वहीची चार पानं भरून, त्यांच्या सुरेख शाळेतल्या अक्षरात, जातींची नावं. ही सगळी त्या रकान्यात हवीत, त्या म्हणाल्या, आणि रकाना सक्तीचा हवा. धर्माचा रकाना वेगळा होता, त्यात बौद्ध हा पर्याय मीच घातला होता. मी त्यांना विचारलं की बौद्धांनी जातीच्या रकान्यात काय भरायचं.

"अगं, त्यांची पूर्वीची असतेच ना," बाई म्हणाल्या. "यादीत आहे बघ. तीच निवडतील."

त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं. सेठच्या ऑफिसात मी फक्त बेटा होते. मी यादी घेतली आणि दुपारभर टाइप करत बसले. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायची होती. ते एक नाव आलं तेव्हा माझा हात क्षणभर थांबला. मग मी तेही टाइप केलं, स्पेलिंग तपासलं आणि पुढच्या नावावर गेले. आणखी चाळीसेक नावं राहिली होती. त्या दिवशी मला वाटलं होतं की हे काम आहे, आणि कामात आपण नसतो.

आमच्या घरात ते नाव कुणी उच्चारायचं नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा पप्पा दोन वर्षांचे होते, कडेवर होते म्हणे. आजोबांनी घरी येऊन देव्हारा उतरवला आणि सांगितलं, आजपासून विचारलं तर बौद्ध सांगायचं, आणि पुढे काही विचारलं तर पाणी प्यायला जायचं. पप्पा कारखान्यात फिटर होते, तेही आयुष्यभर असंच वागले. शाळेच्या दाखल्यावर, सरकारच्या कागदावर ते नाव होतं. ते हक्कासाठी आहे, पप्पा म्हणायचे, सरकारला हिशोब लागतो. पण आपल्या तोंडाने, आपल्या हाताने, कुणी विचारलं म्हणून ते द्यायचं नाही.

साइट सुरू झाली. बाई खूश झाल्या, सेठही. मी घरी सहज बोलता बोलता सांगितलं की माझी एक मोठी साइट चालू झाली आहे, लग्नाची. तिथेच माझी चूक झाली. आई माझ्या लग्नाच्या मागे लागलेलीच होती, आणि पप्पांना तर माझ्या कामाचं एवढं कौतुक की त्यांनी विहारात जाऊन सगळ्यांना सांगितलं. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. त्यांचे विहारातले दोन मित्र दारात उभे होते. पप्पा म्हणाले, "चल, तुझ्या साइटवर पहिली बौद्ध मुलगी म्हणून तुझंच नाव नोंदवायचंय. फॉर्म मी भरणार."

मी नाही म्हणायला हवं होतं. वाटेत, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेपर्यंत, मी तीन वेळा तोंड उघडलं. एकदा म्हटलं की रविवारी नेट चालत नाही. एकदा म्हटलं की मी ऑफिसातून भरते. पप्पा हसले. खरं कारण सांगायचं तर ते रस्त्यात, त्या दोघांसमोर कसं सांगायचं, ते मला सुचेना. मी मनात म्हणत होते की कदाचित पप्पा तिथपर्यंत पोचायच्या आधीच कंटाळतील.

कॅफेत प्लायवूडचे कप्पे होते. पप्पा खुर्चीत बसले, मी त्यांच्या खांद्यामागे, आणि दोघे मित्र कप्प्याच्या तोंडाशी उभे. आत-बाहेर जायला जागाच उरली नव्हती. पप्पा एका बोटाने टाइप करायला लागले. कारखान्यात पाना धरून धरून त्यांचं ते बोट जाड झालं होतं, एका वेळी दोन अक्षरं दाबली जायची. ते पुसायचे आणि पुन्हा टाइप करायचे. माझं नाव, जन्मतारीख, शिक्षण. पेशाच्या रकान्यात त्यांनी वेब डिझायनर लिहिलं आणि मित्रांकडे वळून बघितलं. धर्माच्या यादीत बौद्ध सापडल्यावर एक मित्र म्हणाला, पोरीने बरोबर घातलंय. मग पुढचा रकाना आला. पप्पांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि तो रकाना सोडून खाली गेले. उरलेलं सगळं भरलं, बटण दाबलं.

पान हललं, वर सरकलं, आणि लाल अक्षरांत एक ओळ आली. प्लीज सिलेक्ट कास्ट. खाली सगळे रकाने रिकामे झाले होते. ते टूल तसंच होतं, एक रकाना राहिला तर सगळं पुसून टाकायचं.

पप्पा म्हणाले, काहीतरी चुकलं माझं. आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं. माझं नाव, एकेक अक्षर. पंधरा मिनिटं तरी लागली असतील. मित्र या पायावरून त्या पायावर होत होते. पुन्हा तो रकाना त्यांनी सोडला, आणि पुन्हा ती ओळ आली.

तिसऱ्यांदा पप्पांनी आधी ती यादीच उघडली. बोट बाणाच्या बटणावर ठेवून हळूहळू खाली जात राहिले. मला दिसत होतं की ते प्रत्येक नाव वाचताहेत. एका ठिकाणी ते थांबले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मित्रांनाही स्क्रीनवर ते नाव दिसलं असणार, कारण दोघेही आता प्लायवूडकडे बघत होते. मला तिथून निघून जायचं होतं, पण दोघांच्या मधून वाट नव्हती.

मग पप्पा उठले. मित्रांना म्हणाले, "नेट स्लो आहे आज. पुन्हा बघू."

मित्र लगेच हो म्हणाले. एकाने तर असंही म्हटलं की रविवारी असंच होतं. बाहेर आल्यावर पप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि कारखान्यातल्या कुठल्याशा क्रेनची गोष्ट सांगितली. त्यांनी माझी बाजू सांभाळून घेतली होती, आणि ते चौघांनाही माहीत होतं.

घरी आल्यावर त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि मग विचारलं, "ती यादी तू टाइप केलीस?"

"हो."

"सगळी?"

"हो, पप्पा."

त्यांनी मान हलवली. पुढे काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं तेव्हा मी तिला पाकिटाचं सांगितलं, मार्कशीटांचं, दोन वर्षांच्या सहीचं. आई म्हणाली, मग यात तुझा काय दोष, नोकर माणूस काय करणार. तिचं म्हणणं ऐकून बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. टिचकी मी मारली होती. चांदणी माझ्या बोटाने आली होती.

सोमवारी मी बाईंना फोन केला आणि सांगितलं की काही लोकांना तो रकाना अडतो आहे, सक्ती काढूया. बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, मी स्वतः काही मानत नाही हो, पण लोक फोन उचलल्यावर पहिलं तेच विचारतात, रकाना रिकामा दिसला तर मलाच फोन करत बसतील. मग त्यांनी अगदी मायेने विचारलं, तुला कोणी काही बोललं का. मी नाही म्हटलं. आजपर्यंत मला कळलेलं नाही की मी तेव्हा का नाही म्हटलं. सांगितलं असतं तर त्या कदाचित हळहळल्या असत्या. पण मग मी त्यांच्यासाठी वेगळीच कुणीतरी झाले असते, चिरोट्यांच्या डब्यासकट. ते मला नको होतं.

मग मी सेठकडे गेले. त्यांना मात्र सरळ सांगितलं. कॅफेत काय झालं ते सांगितलं, आणि माझी कागदपत्रं परत मागितली. सेठ बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"मेरे बाप ने भी फॉर्म भरा था," ते म्हणाले. "सिंध से आए तब. नाम लिखो, गाँव लिखो. गाँव तो अब था ही नहीं. फिर भी लिखा, तो बॅरक मिला. बेटा, फॉर्म जो पूछे वो भर दो और आगे बढ़ो."

मी म्हटलं, आम्हाला पुढे जायचं म्हणूनच ते नाव सोडलं आहे. हे मी मराठीत म्हटलं, आणि त्यांना ते नीट कळलं असावं, कारण त्यांनी नजर खाली केली. पण कपाट उघडलं नाही. सही दोन वर्षांची आहे, म्हणाले, अजून पाच महिने. त्यांच्या आवाजात राग नव्हता. रागावले असते तर मीही चिडून निघून गेले असते, कागदांवाचून. ते बेटा म्हणत राहिले आणि मी जागेवर जाऊन बसले.

त्या आठवड्यात मी त्या चौकोनातली खूण काढली. कुणाला विचारलं नाही. लॉगिन केलं, चौकोनावर क्लिक केलं, लाल चांदणी गेली. एका सेकंदाचं काम. दहा-बारा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज सकाळी मी नोंदी उघडून बघायची. तो रकाना रिकामा ठेवलेल्या नोंदी यायला लागल्या होत्या, आणि त्या सगळ्या आमच्याच लोकांच्या नव्हत्या. आडनावावरून ब्राह्मण वाटणारी एक घटस्फोटित बाई होती, एका मुलाने टीपेच्या जागी लिहिलं होतं की आई-वडील वेगवेगळ्या जातींचे आहेत, कुठली लिहू. चिखलोलीकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने काहीच कारण न देता रिकामा ठेवला होता. मला वाटायचं, एवढी माणसं त्या चांदणीपाशी येऊन परत गेली असतील आधी, आणि आम्हाला कळलंसुद्धा नाही. अर्ध्यात सोडलेला फॉर्म कुठेच पोचत नाही. बनवणाऱ्याला वाटतं, सगळं नीट चाललंय.

मग बाईंचा फोन आला. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, सेठशी बोलल्या. सेठ माझ्या टेबलापाशी आले, स्क्रीनकडे बोट केलं आणि म्हणाले, स्टार वापस लगाओ. मी बघत राहिले. ते तिथेच उभे राहिले, हात मागे बांधून, खिशातल्या चाव्या वाजवत. धमकी द्यायला म्हणून वाजवत होते असं नाही, ती त्यांची सवयच होती. मी चांदणी परत लावली.

खोटं कशाला सांगू, लावली. त्या वेळच्या माझ्या भित्रेपणाला मी नंतर पुष्कळ नावं दिली, नाइलाज वगैरे. पण बोट माझंच होतं.

त्यानंतर मला एक युक्ती सुचली. लांब यादी माणूस कशी बघतो ते मला एव्हाना कामातून कळलं होतं. वरची चार-पाच नावं बघतो, तळाची दोन बघतो. मधलं कुणी वाचत नाही, ज्याला शोधायचं असतं तोच वाचतो. मी यादीच्या मध्ये, एन अक्षरात, एक ओळ घातली. नॉट अॅप्लिकेबल. लागू नाही. चांदणी जागेवर राहिली, सक्ती जागेवर राहिली. बाईंनी एकदा यादी वरून खालून तपासली आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या.

त्या दिवशी मी आनंदात घरी गेले. पप्पा पाण्याची मोटर दुरुस्त करत बसले होते. मी त्यांना म्हटलं की आता फॉर्म भरता येईल, एनमध्ये बघायचं. त्यांनी नट हातात तसाच धरून विचारलं, बाईंना माहीत आहे का. नाही, मी म्हटलं.

"म्हणजे लपून जागा केलीस," पप्पा म्हणाले. "लोकांना सांग. त्यांचं भलं होईल. मी नाही जाणार तिथून."

मला तेव्हा त्यांचा राग आला. पहिल्यांदा. मी दीड-दोन वर्षं ज्या खोलीत बसत होते, तिथे एवढीच फट पडण्यासारखी होती, आणि ती मी पाडली होती. त्यांना दार हवं होतं. मी आत गेले आणि कपडे घड्या करत बसले. त्यांचं बरोबर होतं आणि माझंही, असं आता वाटतं, पण तेव्हा आमच्यात आठवडाभर बोलणं नव्हतं.

विहारातल्या लोकांना मात्र कळलं. एनमध्ये बघा, असं एकमेकांना सांगितलं गेलं, आणि नोंदी वाढत गेल्या. दोन वर्षं पुरी व्हायला पंधरा दिवस उरले असताना बाई ऑफिसात आल्या. त्यांच्या हातात नोंदींची छापलेली यादी होती. नॉट अॅप्लिकेबलवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या, पानोपानी. त्यांनी मला विचारलं, हे तू घातलंस का. मी हो म्हटलं. आणि मग, का ते कळत नाही, मी माझं पूर्ण नाव आडनावासकट सांगितलं आणि म्हटलं, मी बौद्ध आहे.

बाई खुर्चीत बसल्या. पाणी मागितलं. बराच वेळ त्या खुणा केलेली पानं चाळत राहिल्या. मी वाट बघत होते, काढून टाक म्हणतील, किंवा काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "असं मध्येच नको ठेवू. वाईट दिसतं. खाली घे, सगळ्यांना दिसेल असं." एवढंच. मी ती ओळ त्यांच्यासमोर तळाशी नेली. त्यानंतर चिरोटे कधी आले नाहीत, पण ती ओळही त्यांनी कधी काढायला लावली नाही.

सेठनी ठरल्या दिवशी कपाट उघडून पाकीट दिलं. चहा मागवला, राहतेस का, म्हणून विचारलं. मी पाकीट छातीशी धरून जिना उतरले. खाली आल्यावर फार हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं काही झालं नाही. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं, एवढंच जाणवलं.

घरी जुना काँप्युटर घेऊन मी छोटी कामं करायला लागले, हाताने लिहिलेली पानं. पहिलं मोठं काम विहाराच्या समितीनेच दिलं. आपल्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यासाठी फॉर्म हवा होता. पप्पा माझ्याशेजारी बसून रकाने सांगत होते. नाव, वय, शिक्षण, काम, जिल्हा. कुठेही चांदणी नाही. आमचं मोकळं बोलणं पुन्हा सुरू झालं ते या कामात. पान तयार झाल्यावर मी ते समितीला दाखवलं. सगळ्यांनी छान म्हटलं. मग समितीतले एक काका, ज्यांनी मला लहानपणी वंदना शिकवली होती, मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की पोटजातीचा एक रकाना टाक. सक्तीचा नको. पण लोक विचारतात गं.

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मी बाईंच्या यादीतून आणि सेठच्या खोलीतून बाहेर पडले होते, आणि तेच वाक्य आमच्याच विहारात, त्याच मऊ आवाजात, माझ्यासमोर उभं होतं. या वेळी माझं काही कपाटात अडकलेलं नव्हतं. मी नाही म्हटलं. आपल्याला वाईट वाटलं नाही, असं काका म्हणाले. पान माझं तसंच राहिलं.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही गेलो तेव्हा दारातच टेबलावर कागदी रजिस्टर होतं. नेट असो-नसो, हाताशी असावं म्हणून. त्यात जिल्ह्याच्या पुढे कुणीतरी पट्टी लावून एक उभी रेघ मारली होती, आणि वर निळ्या पेनाने पोटजात असं लिहिलं होतं. मी ते पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मला वाटलं, इथे मात्र ते भांडतील. ते कुणाशी भांडले नाहीत. रजिस्टर लिहायला बसलेल्या मुलीला म्हणाले, तू जा, जेवणाचं बघ, मी लिहितो. आणि त्या खुर्चीत बसले.

दिवसभर ते लिहीत होते. नाव, वय, शिक्षण, काम, जिल्हा, सही घेतली, पुढचा. मी शेजारी बसून पत्ते लिहून घेत होते. दुपारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली. जिल्हा सांगून झाल्यावर तिने न विचारताच पोटजातही सांगितली. पप्पांनी मान डोलावली आणि सहीची जागा दाखवली. ती म्हणाली, काका, ते राहिलं. पप्पा म्हणाले, राहू दे. तिने मागच्या रांगेकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि टेबलावरचं दुसरं पेन उचलून रजिस्टर स्वतःकडे ओढलं.

पप्पांनी ते धरून ठेवलं नाही. तिचं लिहून होईपर्यंत ते थांबले, मग रजिस्टर सरळ केलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला त्याचं नाव विचारलं.